लस असताना टेस्टिंगवर एवढा पैसा कशाला घालवायचा? साथ वाढायला लागली की सरळ सगळ्यांना लस का देत नाहीत?

हाच प्रश्न आमच्या घरात २०२१ पासून चालू आहे आणि चार नातेवाईक जमले की कोणीतरी तो उकरून काढतंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी लॅब टेक्निशियन आहे. कोरोनात अमरावती जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात कंत्राटी पोस्टवर होते, स्वॅब घ्यायचं काम माझ्याकडे.

आधी तुमच्या प्रश्नापुरतं. लाट आल्यावर टोचलेली लस त्या लाटेत फारशी कामाला येत नाही, पाऊस सुरू झाल्यावर कवेलू फेरायला घेण्यासारखं आहे ते. पहिला डोस घेतला तरी अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात, आणि कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर तर मे २०२१ मध्ये १२ ते १६ आठवडे केलं होतं. आमच्याकडे फेब्रुवारीतच केसेस वाढल्या, २२ तारखेला अमरावती आणि अचलपूरला लॉकडाउन लागला, तेव्हा लस फक्त आरोग्य कर्मचारी आणि फ्रंटलाइनवाल्यांना होती, म्हाताऱ्यांचा नंबर १ मार्चला लागला. पुढे मे महिन्यात तर साठाच पुरेना म्हणून राज्याने १८ ते ४४ वाल्यांचं लसीकरण थांबवून डोस ४५ च्या वरच्यांकडे वळवले. मग "सगळ्यांना लस द्या" म्हणजे कुठून द्या? तोवर कोणाला वेगळं ठेवायचं हे कळायला आमच्या हातात नाकातली काडी आणि आईसबॉक्स एवढंच होतं.

आता भाऊजींचं सांगते. माझे थोरले दीर, गावात कृषी केंद्र आहे त्यांचं. १ एप्रिलला ४५ च्या वरच्या सगळ्यांना लस खुली झाली. त्याच्या आधीपासून त्यांचं अंग दुखत होतं, घसा धरला होता, संध्याकाळी कणकण यायची. मी फोनवर म्हटलं, दवाखान्यात या, अँटिजेन करते, पंधरा मिनिटांत कळेल. तर म्हणतात, "तुह्या टेस्टच्या भानगडीत मले पाडू नको. पॉझिटिव्ह निघालो तं दुकान बंद अन् घरच्या सगळ्यायले उचलून सेंटरले न्याल. त्यापेक्षा लस घेऊन टाकतो, सारं मिटून जाईल." त्यांची भीती खोटी नव्हती, घराला फलक लागला की लोक त्या घरचं दूधसुद्धा घेत नव्हते. पण अंगात आजार असताना लस टोचून तो मिटत नाही हे परोपरीने सांगितलं, ऐकलं नाही.

क्रोसिन खाऊन गेले, त्यामुळे थर्मल गनमध्ये ताप दिसला नाही. उपकेंद्राच्या व्हरांड्यात मास्क हनुवटीवर घेऊन रांगेत बसले, आजूबाजूला सगळी गावातली म्हातारी माणसं. तिसऱ्या दिवशी धाप लागायला लागली तेव्हा मात्र दवाखान्यात आले आणि स्वॅब मीच घेतला. अँटिजेनच्या पट्टीवर थेंब टाकले आणि पाणी सी पर्यंत (ती रेघ टेस्ट नीट चालल्याची) पोचायच्या आधी टी ची, म्हणजे पॉझिटिव्हची, रेघ उठली, गडद. दुसरी काडी आरटीपीसीआरसाठी व्हीटीएमच्या, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या, गुलाबी पाण्यात खाचेवर मोडली, झाकण लावलं, लेबल चिकटवलं, आईसबॉक्समध्ये ठेवली. रिपोर्ट चार दिवसांनी आला, सीटी व्हॅल्यू १७. हा आकडा जितका कमी तितका विषाणू जास्त, म्हणजे खच्चून भरलेला. ऑक्सिजन लागला पण वाचले, ते तिथल्या सिस्टरांच्या मेहनतीने.

आणि गावात काय पसरलं? "लस घेतली अन् भाऊ ॲडमिट झाले." पुढे कितीतरी दिवस उपकेंद्रावर माणूस फिरकेना. आशाताई दिसली की लोक दार लावून घ्यायचे. त्या दिवशीच्या रांगेतले दोघं नंतर आमच्याकडे पॉझिटिव्ह आले, त्यांना भाऊजींकडूनच लागण झाली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण ताप असलेला माणूस त्या रांगेत नको होता.

भाऊजी अजूनही म्हणतात लसीनेच झालं. तर इथे स्पष्ट लिहिते. कोविशील्डमध्ये कोरोनाचा विषाणूच नसतो, चिंपांझीचा एक ॲडेनोव्हायरस असतो, त्यात कोरोनाच्या स्पाइक प्रोटीनचा, म्हणजे त्याच्या अंगावरच्या काट्यांचा, तेवढा जीन घातलेला. कोव्हॅक्सिनमध्ये विषाणू असतो पण मारलेला. दंडात टोचलेलं नाकातल्या काडीवर पॉझिटिव्ह येत नाही. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा दिवस जातात, आणि त्यांचा घसा तर लसीच्या आधी धरलेला होता, आमच्या जाऊबाईंना विचारा. ती पंधरा मिनिटांची टेस्ट आधी झाली असती तर अख्ख्या गावाला कळलं असतं की आजार आधीचा आणि लस नंतरची. टेस्टिंगवर कंजुषी केली की लसीचं नाव असं खराब होतं आणि मग फुकट दिली तरी कोणी घेत नाही.

"टेस्ट वाढवल्या म्हणून पेशंट वाढले" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना पॉझिटिव्हिटी रेट, म्हणजे शंभर टेस्टमागे किती पॉझिटिव्ह निघाले, तो बघायला सांगते. पाच टक्क्यांच्या वर गेला की समजायचं टेस्ट कमी पडतायत. मार्च २०२१ मध्ये केंद्राने महाराष्ट्राच्या १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर ही म्युटेशन, म्हणजे विषाणूतले बदल, सापडल्याचं जाहीर केलं, ते नमुने असेच कोणाच्या तरी नाकातून आलेले होते. खर्चाचं म्हणाल तर खासगी आरटीपीसीआर ४५०० वरून मार्च २०२१ अखेर ५०० वर आली होती, तरी लोक ती टाळून दोन-तीन हजारांचा एचआरसीटी, म्हणजे छातीचा स्कॅन, काढून "स्कोर किती" विचारत फिरत होते.

मी लसीच्या विरोधात आहे असं कोणी काढू नका, मी नंबर लागल्याबरोबर दोन्ही डोस घेतले आणि लसीने मृत्यू कमी केले यात मला शंका नाही. कोविशील्डने रक्ताच्या गुठळ्या होण्याचे फार दुर्मिळ प्रकार झाले तेही खरं आहे, लपवायचं कारण नाही. टेस्टचंही तसंच, लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करावीच लागते, आणि काहीच होत नसलेल्या सरसकट सगळ्यांच्या टेस्ट करण्यात अर्थ नाही, जानेवारी २०२२ मध्ये आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनेही तेच सांगितलं.

आणि स्वॅब देताना फॉर्मवर लक्षणं कधीपासून सुरू झाली हे विचारतात, तिथे खरी तारीख सांगत जा. भाऊजींनी मला सगळं माहीत असताना माझ्यासमोर "कालपासून" सांगितलं, मी खरी तारीख लिहायला गेले तर आवाज चढवला, आणि आज तोच कागद घेऊन बसतात की बघ, लसीनंतरच सुरू झालं.