वाचकांचे प्रश्न: फोन सांभाळणाऱ्या एजंटाला टूलची माहिती कशी लिहून द्यावी?

प्रश्न : आमचा शेतीपंपांच्या विक्री-दुरुस्तीचा व्यवसाय आहे. कार्यालयातील आयपी पीबीएक्सला (संगणक-नेटवर्कवर चालणाऱ्या अंतर्गत फोन-यंत्रणेला) आम्ही फोन घेणारा एआय एजंट जोडला असून आमच्या प्रोग्रॅमरने त्याच्यासाठी काही टूल, म्हणजे कॉल जोडण्यासारखी कामे करून देणारी साधने, तयार केली आहेत. त्यांची माहिती पीबीएक्सच्या पुस्तिकेतून जशीच्या तशी उचलली आहे. एजंट दुरुस्तीचा फोन विक्रीकडे देतो आणि समोरचा नंबर व्यस्त लागला की तोच पुन्हा पुन्हा लावत बसतो. एजंटामागचे एआय मॉडेल बदलावे काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मॉडेल बदलण्यापूर्वी पुस्तिकेतून उचललेला मजकूर बदलावा. पुस्तिका ज्या तंत्रज्ञासाठी लिहिलेली असते, त्याला आपल्या कार्यालयात कोण कुठे बसते हे ठाऊक असते, आणि अडले तर तो कोणाला तरी विचारतो. एजंटापुढे मात्र टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला द्यावयाच्या माहितीचा साचा एवढेच येते. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला एमसीपी हा एआयला टूल जोडण्याचा सामाईक संकेत वापरा किंवा एखाद्या कंपनीची स्वतःची टूल-पद्धत वापरा, यात फरक पडत नाही.

कॉल दुसऱ्याकडे देण्याचेच टूल घेऊ. पुस्तिकांमध्ये त्याचे वर्णन बहुधा ‘दिलेल्या एक्स्टेंशनवर कॉल ट्रान्सफर करते’ एवढेच असते (एक्स्टेंशन म्हणजे कार्यालयातील फोनचा अंतर्गत नंबर). पण ट्रान्सफर दोन प्रकारचे असतात : ब्लाइंड ट्रान्सफरमध्ये कॉल थेट सोपवला जातो आणि पलीकडे कोणी उचलला नाही तरी एजंट त्यातून बाहेर पडलेला असतो, अटेंडेड ट्रान्सफरमध्ये आधी पलीकडच्या माणसाशी बोलून मगच ग्राहकाला जोडले जाते. यांची दोन वेगळी टूल करावीत आणि पहिल्याचे वर्णन साधारण असे लिहावे : ‘चालू कॉल न विचारता दुसऱ्या एक्स्टेंशनकडे सोपवते. सोपवलेला कॉल परत घेता येत नाही. ग्राहकाने विभागाचे नाव स्पष्ट सांगितले असेल तरच वापरावे. पंप बंद पडणे, मोटर जळणे, पैसे परत मागणे अशा कॉलसाठी हे वापरू नये. ‘विचारून जोडा’ हे टूल वापरावे. एक्स्टेंशन अंदाजाने देऊ नये. ‘विभाग शोधा’ या टूलमधून घ्यावे.’ टूल कधी वापरू नये हे सांगणारे वाक्य पुस्तिकेत सहसा नसते, आणि आपले दुरुस्तीचे फोन विक्रीकडे जाण्याचे कारण बहुधा तेच असावे. एक्स्टेंशनची यादी मात्र वर्णनात चिकटवू नये, कारण कर्मचारी बदलला की ती शिळी होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

आकड्यांच्या बाबतीत तर फारच काटेकोर राहावे. एक्स्टेंशन हे संख्या म्हणून न घेता अक्षरमालिका म्हणून घ्यावे, नाही तर ‘०१२’ चे ‘१२’ होते. बाहेरचे नंबर ई.१६४ या आंतरराष्ट्रीय पद्धतीने, म्हणजे अधिकचिन्ह, देशाचा कोड आणि पुढचा नंबर असे मागावेत. नाशिकचा ग्राहक ‘शून्य दोन पाच तीन’ असे सांगेल, परंतु टूलला द्यायचा नंबर +९१२५३ असा सुरू होईल. हे उदाहरण वर्णनातच द्यावे, आणि ‘डबल नाइन’, ‘ट्रिपल फाइव्ह’ यांचेही द्यावे. बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य किंवा नऊ दाबावा लागत असेल, तर तो आकडा टूल स्वतः लावते की एजंटाने लावायचा, हेही लिहावे. परत फोन करण्याच्या वेळेसोबत +०५:३० हा भारतीय वेळेचा फरक सक्तीचा करावा. नाही तर सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालत असेल तेव्हा सकाळी साडेदहाचा फोन दुपारी चारला जाईल.

व्यस्त नंबराची अडचण टूलच्या उत्तरात आहे. नेटवर्कवरून कॉल जोडण्याच्या एसआयपी या पद्धतीत ४८६ म्हणजे व्यस्त, ४८० म्हणजे तूर्त उपलब्ध नाही, ४०४ म्हणजे असा नंबरच नाही, आणि ६०३ म्हणजे पलीकडून नकार. नुसता आकडा किंवा ‘कॉल अयशस्वी’ एवढेच परत पाठवले, तर एजंट पुन्हा प्रयत्न करणारच. त्याऐवजी ‘नंबर व्यस्त आहे, लगेच पुन्हा लावू नये, ग्राहकाला निरोप ठेवायचा आहे का ते विचारावे’ असे पुढच्या पावलासह उत्तर द्यावे.

परदेशी नंबर लावण्याची मनाई किंवा पुन्हा लावण्याची मर्यादा मात्र केवळ वर्णनावर सोडू नये. फोनवरचा एखादा बोलबच्चन एजंटाला गोड बोलून भलताच नंबर लावायला सांगू शकतो, आणि बिल आपल्या नावावर येते. एमसीपीमध्ये एखादे टूल फक्त वाचते की काही बदलते हे सांगण्याची सोय आहे, पण त्या केवळ सूचना आहेत. खरा अडसर पीबीएक्सच्या डायल प्लॅनमध्ये (कोणते नंबर लावता येतील हे ठरवणाऱ्या नियमांमध्ये) आणि सर्व्हरवरच घालावा.

प्रश्न : वर्णने मराठीत लिहावीत की इंग्रजीत? – तेच वाचक

उत्तर : आजची मोठी मॉडेल दोन्ही समजतात, त्यामुळे आपला प्रोग्रॅमर ज्या भाषेत नेमके लिहितो ती निवडावी. टूलचे प्रत्यक्ष नाव रोमन अक्षरांत ठेवावे, कारण अनेक प्रणाली तेवढीच अक्षरे स्वीकारतात. ग्राहकांच्या तोंडची वाक्ये मात्र मराठीतच द्यावीत : ‘मोटर गुणगुणते पण पाणी येत नाही’ ही दुरुस्तीची तक्रार आहे, आणि ‘साहेबांना द्या’ असे म्हटल्यास कोणत्या साहेबांना हे आधी विचारायचे आहे. अशी वाक्ये आपल्याकडील जुन्या कॉलमधून ग्राहकांची ओळख काढून टाकून घ्यावीत आणि वर्णनात बदल केला की प्रत्येक वेळी तीच वाक्ये एजंटावर पुन्हा चालवून पाहावीत.