‘शाफ्ट’सारखा लघुपट करतोय, पण तो ‘शाफ्ट’ का वाटत नाही?

तुम्ही लिहिलंय की पडद्यांच्या पट्ट्यांमधून येणारा उजेड, सावल्या, डिटेक्टिव्हच्या आवाजातलं निवेदन सगळं घातलंय, तरी १९७१च्या ‘शाफ्ट’ या हॉलिवूडच्या डिटेक्टिव्हपटाचा बाज येत नाही. येणारच नाही. त्या चित्रपटात नायकाचं निवेदन मुळातच नाही.

कथा जुन्या नॉयरचीच, म्हणजे काळोख्या, सावल्यांनी भरलेल्या गुन्हेपटांचीच आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीचा डॉन बंपी जोनास आपली पळवलेली मुलगी शोधायला खासगी डिटेक्टिव्ह शाफ्टला नेमतो आणि सगळं खरं सांगत नाही. पोलीस लेफ्टनंट अँड्रॉझी माहितीसाठी मागे लागलेला असतोच. पण जुन्या नॉयरचा नायक शहराच्या जाळ्यात अडकत जातो, शाफ्टला मात्र न्यूयॉर्क तोंडपाठ आहे. एका कृष्णवर्णीय नायकाने हॉलिवूडच्या पडद्यावर असं वावरणं हीच तेव्हा मोठी गोष्ट होती. नक्कल करायचीच तर या वावराची करा.

सुरुवातीचं श्रेयनामांचं दृश्य दहा वेळा बघा. आधी उंचावरून ४२व्या रस्त्यावरची थिएटरं आणि नुसता रहदारीचा गोंगाट. शाफ्ट भुयारी रेल्वेच्या जिन्यावरून वर येतो आणि मग हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) सुरू होते. मग तो धावत्या गाड्यांमधून रस्ता ओलांडतो, टॅक्सीवाल्याला झापतो. दिग्दर्शक गॉर्डन पार्क्स मूळचे ‘लाइफ’ मासिकाचे छायाचित्रकार, त्यामुळे गर्दीतला एक माणूस कसा उठून दिसेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता तुमच्या शूटिंगचं. कॅमेरा दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, लांब लेन्सवर (दूरचं जवळ आणणाऱ्या) ठेवा. खाली ट्रायपॉड दिसला की लोक थांबून बघतात आणि शॉट वाया जातो. सूर्य मावळल्यानंतरची वीसेक मिनिटं आकाश आणि दुकानांचे दिवे जुळतात. एक्सपोजर एक स्टॉप खाली (म्हणजे उजेड निम्मा) ठेवा, नाहीतर पाट्या पांढऱ्याफटक होतात. सावळ्या चेहऱ्यावर समोरून उजेड मारू नका, चेहरा राखाडी पडतो. बाजूने मोठा, मऊ उजेड द्या, त्वचेची चमक दिसू द्या.

संगीतात बहुतेक जण फसतात. आयझॅक हेझ यांच्या सुरुवातीच्या त्या गाण्यात (ऑस्कर मिळालं ते हेच) एका ठोक्यात हाय-हॅटचे चार आघात आहेत, ते ड्रमर विली हॉल यांचे. वर चार्ल्स पिट्स यांची वा-वा पेडलवरची (पायाने दाबून स्वर ‘वा-वा’ असा उघडझाप करणारी) गिटार, बराच वेळ एकाच स्वरावर. शब्द येतात अडीच मिनिटं उलटून गेल्यावर! तुम्ही पहिल्या दहा सेकंदांत सगळी वाद्यं ओतलीत तर पुढे चढायला जागा उरत नाही. चित्रीकरणात नटाच्या कानात मिनिटाला ११८च्या आसपास ठोके देणारा मेट्रोनोम (ताल मोजणारं यंत्र) लावा. प्रत्येक पाऊल ठोक्यावर पडायला नको, चालीचा वेग जुळला की झालं. संकलनात प्रत्येक ठोक्यावर कट मारू नका, जाहिरात वाटते.

कोट लांब आणि जड घ्या, म्हणजे चालताना तो हलतो.

मूळ गाणं कच्च्या कटवर लावून बघा, पण महोत्सवाला पाठवण्याआधी स्वतःचं संगीत करून घ्या. हक्कांचा खर्च लघुपटाला झेपत नाही, आणि मूळ गाण्यासह ऑनलाइन टाकलात तर आवाजच बंद केला जाऊ शकतो.