आधी एक लेथ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा परवा गणपत गल्लीत भेटले. म्हणाले, "पोरगं नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप काढतो म्हणतंय आणि रात्री झोपतही नाही." दोन्ही एकदम ऐकून मला बरं वाटलं. झोप उडालीय म्हणजे मनात हिशेब चाललाय. आपल्या बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, उद्यमबागेत, बिनघोर शेड घेणारेही मी बघितलेत, आणि पुढं त्यांची मशीनं पडेल भावात कुणी उचलली तेही.

भीती गेली की सुरू करतो, असं तू फोनवर म्हणालास. ती जात नसते रे. नवं ड्रॉइंग हातात आलं की पहिला पीस मापात उतरेपर्यंत माझ्या पोटात अजून गोळा येतो. भीती घालवायच्या नादी लागू नकोस. ती परवडेल एवढंच काम काढ.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव आपल्याकडं अशा वेळी हमखास निघतं, पण गोष्ट अर्धीच सांगतात. त्यांनी लोखंडी नांगर केला, लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावेनात, पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. चिकाटी खरीच. पण नांगर हा त्यांचा पहिला धंदा नव्हता, हे कुणी सांगत नाही. बेळगावात १८८८ साली सायकलचं दुकान निघालं होतं, नांगराआधी कडबा कापायची यंत्रंही झाली होती. नांगर गिऱ्हाइकाची वाट बघत पडून राहू शकला तो त्यामुळं, असं माझं मत.

तेव्हा व्हीएमसीचं, म्हणजे त्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं, स्वप्न तूर्त राहू दे. कुणाच्या तरी शेडचा कोपरा भाड्यानं घे आणि एक जुनं लेथ, दांडा फिरवून कातायचं साधं मशीन, बघ. रंगाला भुलू नकोस. विकायच्या आधी सगळेच रंग मारतात. बेड, म्हणजे खालचा लोखंडी पाया, चकच्या, म्हणजे दांडा पकडतो त्या भागाच्या, बाजूला जास्त झिजलेला असतो, तिथं बोट फिरवून बघ. मग चकात दांडा धरून हलका कट घे आणि दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लाव. मापात फरक आला तर का आला ते मालकाला विचार, आणि उत्तरापेक्षा त्याचं तोंड बघ. हे सगळं तुला येतं. दुसऱ्याच्या मशीनवर रोज तेच तर करतोस.

लहान उद्योगांची सरकारी नोंदणी असते ना, उद्यम, ती करून टाक. ती फुकट असते, एजंटाचे खिसे भरू नकोस. लेखी करार असला तरी अशा लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यावं, असा कायदा आहे. पार्ट्या तरीही रखडवतात, म्हणून एकाच पार्टीच्या भरवशावर बसू नकोस.

आता कन्नडचं. हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, कौंटरवर फॉर्म कन्नडमधला, साहेब कन्नड बोलणार आणि आपली फजिती होणार, हे तू दोनदा बोलून दाखवलंस. मला वाटतं तुझी खरी धास्ती मशीनची नाहीच, ही आहे. अरे, बाजारात भाजीवालीशी बोलतोस तेवढं पुरतं. "सर, स्वल्प नोड्री", जरा बघा, म्हणून कागद पुढं कर. तुझं मोडकंतोडकं कन्नड ऐकून तोच मराठीत सुरू होतो, असं आपल्या गावात कितीदा तरी होतं. नाहीच झालं तर शेजारच्या शेडमधल्या कन्नड पोराला घेऊन जा. त्याला कोल्हापूरच्या पार्टीशी बोलायला तू लागशीलच.

नातेवाईक काय म्हणतील यावर मी काही लिहीत नाही. ते म्हणणारच.

नोकरी मात्र पहिलं जॉबवर्क हातात येईपर्यंत सोडू नकोस, बाबांना तेवढा शब्द दे.

मच्छे गावात एक लेथ विकायला निघालंय असं कानावर आलंय. रविवारी सकाळी ये, जाऊन बघू. मायक्रोमीटर माझा घेऊ. इसाराचे पैसे मात्र घरीच ठेवून ये, नाहीतर तू पहिलंच मशीन घेऊन मोकळा होशील.

तुझा,
काका