कार्लोचा सण कसा पाळायचा? आमच्या घरचा अनुभव

ताई, तुमचा मुलगा चौदा वर्षांचा, कन्फर्मेशनला (ख्रिस्ती श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराला) त्याने संत कार्लो आकुतीस या कोवळ्या वयात गेलेल्या इटालियन मुलाचं नाव घेतलंय, कार्लोचा सण १२ ऑक्टोबरला, पण त्या दिवशी मुलाची शाळा, तुमची ड्यूटी, सोलापुरात जवळचं कुणी नाही, मग सण पाळायचा कसा, असं तुम्ही विचारलंय. वाचलं आणि २०२४ चा मीच आठवलो.

मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) यांचं सांगत बसत नाही, ते तुम्ही करणारच. उपासनेच्या नियमांबद्दल काही अडलं तर फादरांना विचारा, मी त्यातला जाणकार नाही. मी फक्त घरचं सांगतो.

त्या वर्षी १२ ऑक्टोबर नेमका दसऱ्याला आला होता. कार्लो संत घोषित झाला पुढच्या वर्षी, ७ सप्टेंबर २०२५ ला, पण आमच्या घरात तो आधीच संत होता. मला वाटलं, कॉलनीच्या मैदानात मांडव घालू, फ्लेक्स लावू, स्पीकरवर प्रार्थना घेऊ. त्यासाठी एका कार्यालयाची परवानगी हवी होती. तीन दिवस रजा टाकून तिथल्या बाकावर बसलो. "अर्ज इथं नाही, पलीकडच्या टेबलावर." पलीकडे गेलो तर "आधी ना-हरकत आणा." ती आणली तर शिक्का गोल नको, चौकोनी हवा. ११ तारखेला संध्याकाळी साडेपाचला उत्तर मिळालं, "साहेब गेले, आता सोमवारी या." सोमवार म्हणजे १४ तारीख. पहिल्याच दिवशी स्पष्ट नाही म्हणाले असते तर मी हात जोडून परत आलो असतो. गरजू माणसाला असं झुलवत ठेवणं मला आजही सहन होत नाही.

मांडवाचा ॲडव्हान्स बुडाला, त्याचं एवढं नाही. कार्लो साठवलेल्या पैशातून मिलानमधल्या बेघरांना स्लीपिंग बॅगा घेऊन द्यायचा, हे माझ्या मुलाने वाचलं होतं. त्यानेही हॉर्लिक्सच्या डब्यात पैसे जमवले होते. रोज विचारायचा, "पप्पा, चादरी कधी आणायच्या?" आणि मी रोज म्हणायचो, "थांब रे, आधी परवानगी येऊ दे." त्या वर्षी पुन्हा त्याने विचारलंच नाही. डबा तसाच फडताळात राहिला. माझी चूक ती हीच.

म्हणून माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या: कार्यक्रम करू नका. मुलाला काय करायचंय ते विचारा आणि तेवढंच करा. आणि एक, कार्लोचं नाव घेऊन मुलाला मोबाईल वापरण्यावरून बोलू नका. आठवड्यात एकच तास गेम खेळायचा हा नियम त्याने स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. तो १५ व्या वर्षी ल्युकेमियाने गेला. पहिल्या कम्युनियननंतर, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर, रोज मिस्सेला जायचा, कॉम्प्युटरही तितक्याच आवडीने शिकला. असा मुलगा आपल्या मुलाला मित्र वाटू द्या, त्याची छडी करू नका.

२०२५ ला १२ तारीख रविवारी होती. मिस्सेनंतर डब्यातल्या पैशाच्या दोन चादरी आणल्या आणि रात्री स्टेशनबाहेर गेलो. फोटो काढला नाही, तुम्हीही काढू नका. एका म्हाताऱ्या बाबांना मुलाने चादर दिली. त्यांनी ती अंगावर घेतली नाही, आधी काठावरून अंगठा फिरवला, उलटी करून वीण पाहिली आणि म्हणाले, "हितलीच हाय. मागावर व्हतो मी." मुलगा तिथेच फरशीवर मांडी घालून बसला आणि मागाचं विचारत राहिला. आम्ही घरी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते.

जाता जाता, सोलापुरी चादर म्हणून बाहेरचा मालही विकतात, ओळखीच्या दुकानातूनच घ्या. आणि देण्याआधी एकदा वेगळी भिजवून धुवा, पहिल्या पाण्यात रंग जातो.