'बी'च्या शेजारी 'एम' घातलंत तर चालेल, पण 'डब्ल्यू'ला हात लावायच्या आधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचताना मी माझाच जुना लॉग (स्क्रिप्टने लिहून ठेवलेली नोंद) वाचतोय की काय असं वाटलं. बीबीसीच्या पानांवरून कार्यक्रमांचे ओळखक्रमांक उचलणारी स्क्रिप्ट, त्यात रेजेक्स (मजकुरातून ठराविक नमुना शोधायचं सूत्र) असा की आधी 'बी' किंवा 'पी', मग शून्य, मग सहा अक्षरं-आकडे. आणि आता नवे भाग यादीत येत नाहीत, कारण त्यांचा क्रमांक 'एम'ने सुरू होतो. चौकटी कंसात, म्हणजे पहिल्या जागी चालणाऱ्या अक्षरांच्या यादीत, 'एम' वाढवला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल. पुढचं अक्षर येईपर्यंत चालेल.

पण शेवटच्या ओळीत तुम्ही जाता जाता लिहिलंय की वर्ल्ड सर्व्हिसचे 'डब्ल्यू'वाले लांबलचक क्रमांकही 'जमलं तर' घ्यायचे आहेत. तिथे थांबा. मी आपटलो ते अशाच लांब क्रमांकांवर.

माझा डेटा बीबीसीचा नव्हता, दुसऱ्या एका पुरवठादाराचा होता. नाव घेत नाही. रोज एक वेळापत्रकाची फाइल यायची, त्यात आठ अक्षरी क्रमांक. एके दिवशी पहिलं अक्षर बदललं आणि माझी यादी रिकामी झाली. मी हुशारी केली: कंसात नवं अक्षर टाकलं, स्क्रिप्ट धावली, यादी भरली, मी झोपलो. नवे क्रमांक पंधरा अक्षरी होते हे मी पाहिलंच नाही. रेजेक्सच्या शेवटी 'क्रमांक इथे संपलाच पाहिजे' अशी सीमा नव्हती, त्यामुळे रेजेक्सने पंधरातली पहिली आठ अक्षरं उचलली आणि 'सापडलं' म्हणून सांगितलं. एकाच मालिकेच्या भागांची पहिली आठ अक्षरं बहुतेक वेळा सारखीच. डेटाबेसमध्ये तोच क्रमांक प्रायमरी की, म्हणजे एका क्रमांकाला एकच नोंद, आणि माझी स्क्रिप्ट जुन्या नोंदीवर नवी लिहायची. म्हणजे सोमवारच्या भागावर मंगळवारचा बसला, त्यावर बुधवारचा. एरर एकही नाही. पाच आठवडे.

क्रमांक जुळलाच नाही तर निदान भोक दिसतं, आणि भोक नंतर बुजवता येतं. अर्धवट जुळलेला क्रमांक मात्र आधीचा माल पुसत जातो. मूळ फाइली मी रोज वाचून झाल्यावर उडवत होतो (जागा वाचवायला! त्या फाइली किती मोठ्या, तर एका फोटोएवढ्या), त्यामुळे परत भरायलाही काही उरलं नव्हतं. पुरवठादाराच्या ऑफिसला लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की क्रमांकाचं स्वरूप ही आमची अंतर्गत बाब आहे, आणि सोबत जुनीच माहितीपुस्तिका, ज्यात अजूनही 'आठ अक्षरे' छापलेलं. जुन्या फाइली परत पाठवाल का, या प्रश्नाला उत्तरच नाही. अजून आठवलं की डोकं फिरतं. असो. खरं सांगायचं तर 'अंतर्गत बाब' हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, ते मला फार उशिरा पटलं.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: क्रमांक त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायला जाऊ नका, जागेवरून उचला. लिंकमध्ये 'प्रोग्राम्स'नंतरच्या तिरक्या रेघेपासून पुढच्या तिरक्या रेघेपर्यंत, प्रश्नचिन्हापर्यंत किंवा लिंक संपेपर्यंत जे असेल ते सगळं घ्या. स्वरूपाची तपासणी त्यानंतर, वेगळ्या ओळीत, पूर्ण तुकड्यावर. पायथॉनमध्ये 'फुलमॅच' त्यासाठीच आहे, अख्खा तुकडा जुळला तरच ते हो म्हणतं. रेजेक्समध्ये 'इथे शेवट' सांगणाऱ्या डॉलरच्या खुणेवर विसंबू नका, ती शेवटच्या नव्या ओळीच्या खुणेआधीही जुळते. (मी पायथॉनवाला. पर्लवाल्यांनी आपापलं बघावं.)

तपासणीही सैल ठेवा, पण अगदी 'कुठलीही आठ अक्षरं' इतकी नको. 'एपिसोड्स' आणि 'शेड्यूल' हे दोन्ही शब्द इंग्रजीत बरोब्बर आठ अक्षरी आहेत, आणि लिंकांमध्ये असे शब्द येऊ शकतात. इथे बीबीसीने आपली सोय करून ठेवली आहे: त्यांच्या क्रमांकांत ए, ई, आय, ओ, यू नसतात. स्वर वगळून उरलेली लहान लिपीतली अक्षरं आणि आकडे, सुरुवात अक्षराने, किमान आठ. वरची मर्यादा मी घालत नाही. सुरुवात अक्षराने म्हटलं की आठ आकडी तारखाही गळतात. आकड्यांसाठी शून्य ते नऊ असं स्पष्ट लिहा, 'कुठलाही आकडा' म्हणणारं बॅकस्लॅश-डी नको; पायथॉन ३ मध्ये ते देवनागरी आकडेही गिळतं.

फाइलींच्या नावांतून क्रमांक काढत असाल तर वेगळीच गंमत. तिथे क्रमांकाच्या दोन्ही बाजूंना बहुतेकदा अंडरस्कोअर (खालची रेघ, _) असतो, आणि रेजेक्सच्या लेखी अंडरस्कोअर हे शब्दातलंच अक्षर, त्यामुळे शब्दाची सीमा शोधणारं बॅकस्लॅश-बी तिथे सीमा मानत नाही. 'आधी अक्षर-आकडा नको, नंतर अक्षर-आकडा नको' असं लुकअराउंडने (आजूबाजूचं अक्षर न उचलता नुसतं तपासणाऱ्या खुणेने) लिहावं लागतं. माझी यात एक अख्खी रात्र गेली आहे.

तपासणीत नापास झालेली ओळ टाकून देऊ नका. वेगळ्या फाइलीत लिहा आणि रोज तिची संख्या स्वतःला ईमेल करा. रोज दोन-चार कचरा ओळी येतील. ज्या दिवशी शंभर येतील त्या दिवशी स्वरूप बदललंय. कुठल्याही ऑफिसच्या पत्राआधी हे कळतं. आणि मूळ पानं निदान वर्षभर ठेवा, झिप करून.

कोड टंकला नाही, मोबाइलवर आहे. कोणाला वर चूक दिसली तर सांगा, मी काही यातला पंडित नाही.

तुम्ही आज रात्री काय कराल ते सांगतो: टेबलात तो कॉलम किती रुंद ठेवलाय ते बघा. डेटाबेस मायएसक्यूएल असेल आणि त्यातला स्ट्रिक्ट मोड (न बसणारा डेटा नाकारणारी सेटिंग) बंद असेल तर आठच्या कॉलममध्ये पंधरा अक्षरं घातल्यावर ते फक्त वॉर्निंग देतं आणि उरलेलं कापून टाकतं, म्हणजे रेजेक्स बिनचूक असूनही माझ्यासारखीच गत. रुंदी आठ निघाली तर कॉलम वाढवेपर्यंत स्क्रिप्ट बंद ठेवा, आणि काय निघालं ते इथे लिहा.