लॅपटॉपवर रोज दोन-तीनदा निळा पडदा येतो. दुकानदार विंडोज नव्याने टाकू म्हणतो. माझा डेटा डी ड्राइव्हला आहे, चालेल ना?

नाही चालणार. "डी ड्राइव्हला आहे" हे वाचलं आणि राहवलं नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. निळा पडदा मरायला टेकलेल्या डिस्कमुळेही येतो, आणि डिस्क गेली की दोन्ही गेले.

आमचं डीटीपीचं काम. 2016 च्या सप्टेंबरात एका दिवाळी अंकाची 140 पानं संगणकावर मांडून झाली होती. मशीन मधेच अडकायचं, मग निळा पडदा. कॅबिनेटला कान लावला तर आतून टक्... टक्... थोडं थांबून पुन्हा टक्. मी म्हटलं, बंद करू, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावू आणि आधी पानं उतरवून घेऊ. दादा म्हणाला, "सगळं डीला आहे, सी उडवला तरी काय बिघडतंय?" दुरुस्तीवाल्याने आल्याआल्या चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधलं डिस्क तपासायचं साधन, लावलं, तेही खराब सेक्टर (डिस्कचे बिघडलेले कप्पे) शोधायच्या पर्यायासकट. आकडा 27 टक्क्यांवर थांबला तो थांबलाच. रात्री डिस्क बायोसमध्येही, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावरही, दिसेना. लाल शाईने तपासलेली प्रुफं तेवढी हातात होती. त्यांवरून आम्ही दोघांनी अकरा रात्री बसून सगळं परत टाइप केलं.

चेकडिस्क फाइली वाचवायला नसतंच. त्या पर्यायाने ते सगळी डिस्क वाचत सुटतं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढं पुरतं.

तुम्ही पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच दुसरी यंत्रणा) टाकून लॅपटॉप त्यावरून सुरू करा आणि फाइली बाहेरच्या डिस्कवर काढा, परत मिळणार नाहीत त्या आधी. मग विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, हार्डडिस्क असेल तर, 05 आणि सी5 (खराब म्हणून बदललेले आणि नीट वाचता न येणारे सेक्टर) या ओळी बघा. तिथला 'रॉ व्हॅल्यू'चा आकडा शून्यावरून चढत असेल तर डिस्क बदला. डिस्क ठणठणीत असेल तर रात्रभर मेमटेस्ट हा मेमरी तपासायचा प्रोग्रॅम लावून रॅम तपासा. निळ्या पडद्यावरचा स्टॉप कोड, म्हणजे चुकीचं नाव किंवा क्रमांक, तोही लिहून ठेवा, कारणाचा माग बऱ्याचदा त्यावरून लागतो.

हो, एसएसडी असेल तर आवाज येणार नाही, ती बऱ्याचदा न सांगता जाते. आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की आधी शोधा, नाहीतर उबुंटूतून काही उघडणार नाही.

दादा अजून म्हणतो, डिस्क जुनी होती, जायचीच होती. जायचीच होती, मान्य. पण त्या दुपारी ती फाइली उघडत होती. 140 पानं उतरवायला दहा मिनिटं लागली असती.