कुरिअरने गोळ्या नकोत

प्रश्न : मुलगा मँचेस्टरला नोकरीला आहे. नागीण बरी होऊन वर्ष झालं, तरी बरगडीत सणका येतात. शर्ट घासलेलाही सोसत नाही. इथल्या डॉक्टरांनी दिलेल्या प्रीगॅबालिन-मिथाइलकोबालामिनच्या गोळ्या राजारामपुरीतून घेऊन कुरिअरने पाठवू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अजिबात नको. ब्रिटनमध्ये प्रीगॅबालिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) एप्रिल २०१९ पासून नियंत्रित औषध आहे, म्हणजे ते देण्या-घेण्यावर कायद्याची बंधनं आहेत. पार्सल अडकेल आणि तोवर गोळ्या संपतील. खरा धोका तोच. ही गोळी एकदम थांबली की घाम, मळमळ, झोप उडणं, क्वचित झटकेही येतात. बंद करायचीच तर डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात.

मुलाने लगेच घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवावं. इथल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या : निदान, कधीपासून, आधी काय घेतलं, काय लागू पडलं नाही. औषधाचं ब्रँडनाव तिथे कुणाला कळणार नाही. ‘प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा’ असं, चिठ्ठीत असेल तसं, लिहून घ्या, मिथाइलकोबालामिन (बी-१२ जीवनसत्त्वाचा प्रकार) वेगळं. आपल्याकडची जोडगोळी तिथे मिळत नाही. प्रीगॅबालिन जीपी सहसा एका वेळी तीस दिवसांचंच देतात, आणि त्याची चिठ्ठी अठ्ठावीस दिवसांत वापरावी लागते. दुखणं आटोक्यात येत नसेल तर पेन क्लिनिकसाठी, म्हणजे जुनाट दुखण्यावर उपचार करणाऱ्या विभागासाठी, रेफरल (जीपीची शिफारस) मागावा. रांग मोठी असते, म्हणून तो लवकर मागितलेला बरा.

गणपतीला घरी आला तर परतताना स्वतःपुरती, तीन महिन्यांपेक्षा कमी काळ पुरतील इतकीच औषधं मूळ पाकिटात आणि पत्रासह हँडबॅगेत न्यावीत.